शेकाच्या खोलीबाहेर

रेडिओथेरपी हा शब्द आमच्या नगर जिल्ह्यात फारसा कुणी उच्चारत नाही. लोक 'शेक' म्हणतात. "आईला शेक चालू हाय," "आज शेकाचा नंबर हाय," असं. नोकरीला लागले तेव्हा मला हा शब्द खटकायचा, कारण या शेकात ऊब अजिबात नसते. पेशंटला त्या वेळी चटका बसत नाही की मुंग्या येत नाहीत. यंत्र गुणगुणतं, थांबतं, आणि झालं. पण हळूहळू तो शब्द माझ्याच तोंडात बसला. संध्याकाळी यजमानांनी "आज उशीर?" विचारलं की मी म्हणायचे, "शेकच संपले नाहीत."

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. भिंगारला आमच्या गल्लीत मला अजूनही डॉक्टरीणबाई समजून लोक गुडघेदुखीवर औषध विचारतात. मी शेक देणारी तंत्रज्ञ. कामाची वाटणी साधी असते. शेक कुठे आणि किती द्यायचा ते डॉक्टर ठरवतात. तो नेमका गाठीवर पडावा आणि आजूबाजूचं वाचावं, याचं गणित फिजिसिस्ट मांडतात. आणि पेशंटला टेबलावर रोज अगदी त्याच जागी, तसंच झोपवून तो शेक द्यायचा, हे आमचं काम. कोबाल्टच्या जुन्या यंत्रावर सुरुवात केली, आताच्या लिनॅक नावाच्या यंत्रावर शेवट झाला. गेल्या वर्षी निवृत्त झाले. यंत्रं पार बदलली, पण टेबलावर येऊन झोपणाऱ्या माणसाचे डोळे पहिल्या दिवशी जसे भिरभिरत असतात, ते काही बदललं नाही.

या दिवाळी अंकासाठी लिहायला बसले तेव्हा अनेक चेहरे समोर आले. पण सगळ्यांत आधी आले ते पारनेरकडचे भानुदास सुतार आणि त्यांच्या बायको हौसाबाई. म्हणून त्यांचंच सांगते.

आमच्याकडे तोंडाचे कर्करोग रोजचेच; तंबाखू आणि मिश्रीची कृपा. नाकाचा आणि सायनसचा कर्करोग त्या मानाने कमी दिसतो. सायनस म्हणजे नाकाच्या आजूबाजूच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्या. गालाच्या हाडात असते ती सगळ्यांत मोठी. तिथे गाठ वाढायला लागली तर तिला भरपूर मोकळी जागा मिळते, त्यामुळे बरेच दिवस काही कळतच नाही. सर्दी आहे, सायनस आहे, असं म्हणत माणूस गोळ्या खात राहतो. भानुदासांचं असंच झालं. आयुष्यभर सुतारकाम केलेलं. दारं, खिडक्या, पलंग, पूर्वी बैलगाड्याही. लाकडाचा बारीक भुसा वर्षानुवर्षं नाकात जात राहिला तर या रोगाचा धोका वाढतो, असं डॉक्टर सांगतात. त्यांच्या एकाच नाकपुडीतून अधूनमधून रक्त यायचं. मग वरची दाढ हलायला लागली. ती काढली, पण तिची जागा भरूनच येईना. शेवटी डोळा पुढे आल्यासारखा दिसायला लागला, तेव्हा मुलाने त्यांना गाडीवर घालून नगरला आणलं. मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत कामाला.

गाठ गालाचं हाड पोखरून डोळ्याच्या खोबणीपर्यंत गेलेली होती. त्याच वेळी ऑपरेशन केलं असतं तर डोळाही काढावा लागला असता. आमच्या डॉक्टरबाईंनी आणि सर्जननी मिळून ठरवलं की आधी केमोची सलाइनं देऊन गाठ लहान होते का पाहायचं. झाली लहान. केस गेले, उलट्यांनी माणूस अर्धा झाला, पण डोळा मागे सरकला. सर्जन म्हणाले, आता शेक द्या, सोबत दर आठवड्याला केमोचं एक सलाइन. त्यातून काही उरलंच तर मी आहे.

इथून ते माझ्याकडे आले.

गाठ अशा ठिकाणी की एका बाजूला डोळा, वरती मेंदू, मागे डोळ्याची नस. डोकं जरासं हललं तरी शेक भलतीकडे जायचा. म्हणून अशा पेशंटसाठी आम्ही मास्क करतो. जाळीजाळीचा, पांढरा प्लॅस्टिकचा पत्रा असतो. गरम पाण्यात बुडवला की ओल्या फडक्यासारखा मऊ पडतो. तो चेहऱ्यावर पसरून दाबायचा. थोड्या वेळात थंड होऊन कडक होतो आणि नाक, गाल, हनुवटी जशीच्या तशी त्यात उमटते. मग रोज तो मास्क घालून कडेच्या खटक्यांनी टेबलाला बसवायचा. जाळीतून श्वास घेता येतो. फक्त डोकं हलत नाही.

सगळं समजावून मी तो पत्रा भानुदासांच्या चेहऱ्यावर ठेवला. क्षणभरच. दुसऱ्या क्षणी त्यांनी तो दोन्ही हातांनी ओरबाडून फेकला आणि टेबलावरून उतरून भिंतीला जाऊन टेकले. साठीच्या पुढचा, उभ्या जन्मात कुणावर आवाज न चढवलेला माणूस माझ्यावर ओरडला.

"बाई, मारायचं तर सरळ मारा. ह्यात घालू नका."

दोन दिवसांनी पुन्हा करून पाहिलं. डॉक्टरबाईंनी भीती कमी करायची गोळी दिली होती. गुंगी आली, पण पत्रा तोंडावर येताच गुंगी पळाली. रोज पूर्ण भूल देऊन इतके आठवडे शेक देणं त्यांच्या तब्येतीला झेपणारं नव्हतं. मास्क नाही तर शेक नाही, आणि शेक नाही तर केमोने दबलेली गाठ पुन्हा डोकं वर काढणार. भानुदास मुलाला म्हणाले, "घरी चल."

हौसाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. बाई बोलक्या, इतक्या की वेटिंगमधल्या सगळ्यांची नावं, गावं आणि जावई त्यांना पाठ झाले होते. मी शेजारी बसले आणि विचारलं, "मावशी, हे एवढे का घाबरतात? साधी भीती नाही वाटत ही."

त्यांनी पदर सावरला. आवाज खाली आणला.

"ताई, ल्हान असताना पेवात अडकले हुते त्ये."

पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं तळघर. तोंड लहान, पोट मोठं. पोरं लपाछपी खेळत होती. भानुदास रिकाम्या पेवात उतरून बसले. घरच्या कुणीतरी, आत पोर आहे हे माहीत नसताना, तोंडावर फरशी सरकवली. ते ओरडत राहिले. वर काही ऐकू गेलं नाही. दिवस कलल्यावर पोर कुठे दिसेना म्हणून आई शोधायला लागली, तेव्हा कुणाला तरी पेव आठवलं.

"आजून घराचं दार लावून झोपत न्हाईत," हौसाबाई म्हणाल्या. "थंडीत सुदीक. मी बोलते, कुडकुडते, पर दार उघडंच."

मी आत गेले आणि डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी फिजिसिस्टला बोलावलं. तिघांनी बसून ठरवलं की चांगल्या बाजूचा डोळा आणि तोंड यांच्यापुरती मास्कला खिडकी कापायची. कापूनही मास्क तितकाच घट्ट बसतो का, हे फिजिसिस्टने पुनःपुन्हा तपासून पाहायचं कबूल केलं. पण मला वाटत होतं की खरी अडचण डोळ्यांची नाही. त्या पोराने हाक मारली होती आणि ती कुणाला ऐकू गेली नव्हती, हे त्यांच्या मनात बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी भानुदासांना मास्कचा एक कोरा पत्रा हातात दिला. खटके त्यांनाच लावायला आणि उघडायला लावले. मग यंत्राच्या खोलीत नेलं. कॅमेरा दाखवला, छतातला स्पीकर दाखवला. म्हटलं, "शेक चालू असताना आत कुणाला थांबता येत नाही, मलाही नाही. पण बाहेर मी टीव्हीवर तुम्हाला बघत असते. तुम्ही हात वर केला की मी यंत्र बंद करून आत येते. आणि बाहेर माईक आहे. मावशींना माईकवर बसवते. त्या बोलत राहतील."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काहीतरी आलं. "तिला सांगावं लागत न्हाई," ते म्हणाले.

मास्क करताना हौसाबाई आतच उभ्या होत्या, कारण त्या खोलीत यंत्र नसतं. त्यांनी नवऱ्याचा हात धरला होता आणि तोंडाने अखंड चालू होतं. भानुदासांच्या छातीचा भाता झाला होता, पण ते पडून राहिले. पत्रा थंड झाला. मास्क झाला.

मग पहिल्या शेकाचा दिवस. त्यांना आत झोपवलं, खटके लावले, बाहेर आलो, जाडजूड दार बंद झालं. हौसाबाईंना खुर्चीवर बसवून माईकचं बटण दाबून दिलं. आणि ही बाई, जिच्या बोलण्याला कधी पूर्णविराम नाही, ती गप्प! समोरचे ते पडदे, आकडे, दिवे बघून तिची वाचाच बसली. आत टीव्हीवर भानुदासांची बोटं टेबलाची कड शोधत होती.

"बोला मावशी," मी म्हटलं.

"काय बोलू?"

"काहीही बोला!"

त्या माईकच्या अगदी तोंडाशी गेल्या आणि शेतातून हाक मारावी तशा ओरडल्या, "आवं! मी हाय हितं!"

भानुदासांनी ताबडतोब हात वर केला. मी यंत्र थांबवलं आणि आत धावले. माझा सहकारी शकील माझ्यामागे.

"काय झालं? त्रास होतोय?"

"न्हाई," मास्कच्या खिडकीतून ते म्हणाले. "आवाज आला, म्हनून हात केला."

त्या दिवशी नियम ठरला. उजवा हात म्हणजे बंद करा. डावा हात म्हणजे हो, ठीक आहे.

दुसऱ्या दिवसापासून हौसाबाई रुळल्या. नवराबायको भिंगारला भाचीकडे उतरले होते, पण गावाकडची खबर त्यांना फोनवर रोज मिळायची आणि ती त्या माईकवरून आत पाठवायच्या. शेजारच्या यमुनाबाईंची शेळी कुणाच्या तरी कांदे साठवायच्या चाळीत शिरली. त्यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं. लग्नपत्रिकेत एका चुलत्याचं नाव राहिलं, तर तो मांडवात आलाच नाही, पण जेवायला मात्र मागच्या दाराने आला. एका सुनेने गावात ब्यूटी पार्लर काढलं आणि पहिली गिऱ्हाईक तिची सासूच. शेक होता काही मिनिटांचा. गोष्ट अर्धी राहायची. मग शकील दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या विचारायचा, "मावशी, शेळीचं काय झालं?" आमच्या खोलीत एरवी यंत्राच्या गुणगुणीशिवाय आवाज नसतो. त्या काळात आम्ही तोंड दाबून हसायचो. आत भानुदास शांत पडलेले असायचे. डावा हात मधूनच वर जायचा.

एकदा हौसाबाईंना ताप आला, तेव्हा मी माईकवर बसले. मला काही सुचेना. म्हणून, "आता यंत्र उजवीकडून फिरेल, आता थोडा वेळ थांबेल," असं सांगत राहिले. बाहेर आल्यावर भानुदास म्हणाले, "बाई, तुमी बोलत हुता का वाचत हुता?" इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या कामावर याहून नेमका शेरा कुणी दिलेला नाही.

पण या शेकात काही सोसावं लागत नाही असंही नाही. त्या वेळी काही जाणवत नाही; त्रास मागाहून येतो. निम्मा कोर्स झाला तेव्हा भानुदासांचं तोंड आतून सोलून निघालं. पाण्याचा घोट घेतला तरी डोळ्यांत पाणी यायचं. चव गेली, वास तर आधीच गेला होता. गालाची कातडी काळवंडली. वजन इतकं उतरलं की मास्क सैल पडायला लागला आणि फिजिसिस्ट काळजीत पडला. डॉक्टरबाई म्हणाल्या, नाकाच्या चांगल्या बाजूने पोटात नळी घालू, तिच्यातून दूध, भाताची पेज, सगळं देता येईल. थोड्या आठवड्यांचा प्रश्न आहे. आत्ता मधेच थांबलात तर आतापर्यंतचं सगळं सोसणं वाया जाईल.

भानुदासांनी मान हलवली. नळी नको. मुलगा हातापाया पडला, तरी नको. त्या दिवशी टेबलावर झोपताना मला म्हणाले, "आजचा घेतो. उद्यापासनं न्हाई येनार." शब्द नीट फुटत नव्हते, पण निर्णय पक्का होता.

मी बाहेर येऊन हौसाबाईंना सांगितलं. त्या उठल्या. माईकसमोर बसल्या. मी बटण दाबलं. दार बंद झालं, यंत्र सुरू झालं.

"आवं," त्या म्हणाल्या, "आज गावाचं न्हाई सांगत. आज माझं सांगते."

शकीलने मान खाली घातली.

"तुमच्या घरात आले तवा मी तोंड उघडत न्हवते. लाजाळू हुते. तुमी तर बोलायचाच न्हाई. दिवसभर रंध्याचा आवाज, बाकी घर मुकं. मला भ्याव वाटायचं. म्हनून मी बोलाय लागले. आता गाव म्हनतं, हौसाच्या तोंडाला थारा न्हाई. म्हनू द्या. मी गावासाठी बोलत न्हाई. तुमी बसून आईकता, म्हनून बोलते. तुमी घरी चला म्हनता. जाऊ. अन् मग? तुमी ग्येल्यावर मी कुनाला सांगू? त्या भिंतींना सांगू?" इथे त्यांचा आवाज फुटला. "नळी घाला, आवं. माझ्यासाठी घाला. मी पेज करते, गाळून करते. मी काय मागितलंय का कधी तुमच्याकडं?"

त्या रडत होत्या, तोंडावर पदर धरून, आणि बटण माझ्या बोटाखाली तसंच दाबलेलं होतं. सोडावं की नको, मला कळेना. मी टीव्हीकडे पाहत राहिले. भानुदास निश्चल पडले होते. यंत्राचा हात त्यांच्याभोवती अर्धं वर्तुळ फिरून आला.

मग डावा हात वर गेला. नेहमी जायचा तसा मनगटापर्यंत नाही. पूर्ण, कोपरापासून सरळ वर. आणि तिथेच राहिला.

दुपारी नळी घातली. मास्क नवा केला, गणितं पुन्हा झाली, आणि शेक पुरे झाले.

सगळ्यांचं असं होत नाही. त्याच सुमाराला कोपरगावकडचे एक गृहस्थ याच आजाराने आमच्याकडे आले होते. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, हसतमुख. त्यांनीही एका नाकपुडीतून रक्त येतं म्हणून महिनोन्‌महिने सर्दीचीच औषधं घेतली होती. आले तोवर गाठ मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेली. दुखणं कमी व्हावं एवढ्यापुरता शेक आम्ही दिला. तो लागू पडला, शेवटचे काही महिने त्यांना नीट झोप लागली, याचं समाधान आहे. पण थोडं आधी आले असते तर, हा विचार मनातून जात नाही. म्हणून वाचकांना एवढंच सांगते. नाक एकाच बाजूने चोंदत असेल, त्यातून रक्त येत असेल, आणि आठवड्यांमागून आठवडे ते थांबत नसेल, तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. बहुतेकांचं काही निघत नाही. निघालं तर लवकर निघू द्या.

भानुदासांची तपासणी काही महिन्यांनी झाली तेव्हा गाठीच्या जागी काही उरलेलं दिसलं नाही. सर्जनना ऑपरेशन करावं लागलं नाही. डोळा जागेवर आहे. थोडं अंधुक दिसतं. वास आला नाही तो नाहीच. तोंड कोरडं पडतं म्हणून पाण्याची बाटली सतत हाताशी. दर वेळी तपासणीला आले की खात्यात येऊन सगळ्यांना भेटून जायचे, म्हणजे हौसाबाई भेटायच्या आणि ते शेजारी उभे राहायचे.

मी निवृत्त झाल्यावर हौसाबाईंनी घरी यायचं आमंत्रण दिलं, आणि या वर्षी मी खरंच गेले. दुपारचं जेवण कुळथाच्या शेंगोळ्यांचं. झणझणीत माझ्या ताटात, आणि भानुदासांच्या वाडग्यात बिनतिखटाचे, पातळ रश्शात बुडलेले. "आसं सरसर खाली जातं," हौसाबाई म्हणाल्या. भानुदास आता यंत्रावर लाकूड कापत नाहीत. नाकाला फडकं बांधून अंगणात हातानेच थोडंफार करतात. शेजारणी बघायला आल्या. त्यातल्या एकीने मला न्याहाळून विचारलं, "ह्याच व्हय त्या शेकाच्या बाई? माझ्या शेळीचं समदं ठाव हाय म्हनं यांला." मला हसू आवरेना. हौसाबाई लगबगीने ताक आणायला आत गेल्या.

निघताना भानुदास मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. थांब्यावर बाभळीच्या सावलीत उभे राहिलो, तेव्हा बोलायला काहीतरी हवं म्हणून मी म्हटलं, "त्या शेळीच्या गोष्टीने आम्हाला फार हसवलं बघा. तुम्हाला आत हसू यायचं नाही?"

त्यांनी बाटलीतून घोट घेतला. रस्त्याकडे पाहत म्हणाले, "मला कुठं कळायची गोष्ट?"

"म्हणजे?"

"त्यो स्पीकर घरघरायचा. वरून यंत्राचा आवाज. बोल न्हाई कळायचे काई. तिचा आवाज तेवढा यायचा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिला सांगू नका. रोज सकाळी फोन लावून लावून गोळा करायची समदं."

"मग त्या दिवशी? नळीच्या? तुम्ही हात वर केला तो?"

गाडी दिसायला लागली होती. त्यांनी हात करून ती थांबवली, माझी पिशवी उचलून पायरीवर ठेवली.

"रडत हुती," ते म्हणाले. "तेवढं कळलं."